एक शंख, चार नावं आणि एक कायदा: कॅरिबियनचा 'राणी शंख' धोक्यात कसा आला?

१४ फेब्रुवारी २०२४. जग व्हॅलेंटाइन डे साजरा करत होतं, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी राजपत्रात एका गोगलगायीचं नाव छापून आलं. समुद्रातली गोगलगाय, पण साधीसुधी नाही. जवळपास फूटभर लांबीचा, आतून गुलाबी झाक असलेला शंख पाठीवर घेऊन फिरणारी. इंग्रजीत तिला 'क्वीन काँक' म्हणतात, म्हणजे राणी शंख.

अमेरिकेच्या 'नोआ' या समुद्रविषयक सरकारी संस्थेने ही जात 'धोक्यात' असल्याचं जाहीर केलं. बातमी छोटी होती, पण कॅरिबियन देशांमध्ये खळबळ उडाली. कारण तिथे हा शंख म्हणजे जेवणाचं ताट आहे, मच्छीमारांचा पगार आहे आणि देशाची ओळखही आहे. बहामाच्या राजचिन्हावर सगळ्यात वर शंखच आहे. फ्लोरिडातल्या की वेस्ट गावाने १९८२ साली गंमतीत अमेरिकेतून बाहेर पडल्याची घोषणा केली, तेव्हा आपल्या 'देशाचं' नावही काँक रिपब्लिक असंच ठेवलं होतं.

आता प्रश्न असा की, ज्या प्राण्याच्या घराण्याने डायनासोर संपवणारं संकट पचवलं, तो माणसाच्या काही दशकांच्या मासेमारीपुढे का हरतोय? आणि त्याचं नाव काय ठेवायचं यावर शास्त्रज्ञ इतकी वर्षं का भांडतायत? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

आधी बातमी नीट समजून घेऊ

हे प्रकरण एका दिवसात घडलेलं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या एका पर्यावरण संघटनेने या शंखाला संरक्षण द्या असा अर्ज केला. २०१४ मध्ये सरकारने 'गरज नाही' असं उत्तर दिलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये कोर्टाने सरकारचा तो निर्णय रद्द केला. मग नव्याने अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रस्ताव आला आणि २०२४ मध्ये अंतिम निर्णय लागला.

यात एक बारीक मुद्दा आहे. अमेरिकेच्या कायद्यात 'धोक्यात' आणि 'अतिधोक्यात' असे दोन वर्ग आहेत. राणी शंख पहिल्या वर्गात आला. या वर्गात आल्यावर आपोआप बंदी लागू होत नाही, त्यासाठी वेगळे नियम करावे लागतात. म्हणून २०२४ च्या निर्णयाने शंखाच्या मांसाची आयात लगेच थांबली नाही. पण या मांसाचा सगळ्यात मोठा ग्राहक अमेरिका आहे. ग्राहकानेच कागदावर 'धोक्यात' लिहिलं की विकणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच.

आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर आधीपासूनच नजर होती. वन्यजीवांच्या व्यापारासाठी 'साइट्स' नावाचा जागतिक करार आहे. त्याच्या परिशिष्ट २ मध्ये हा शंख १९९२ सालीच टाकला गेला. म्हणजे व्यापार चालेल, पण परवाना हवा आणि निर्यातीमुळे जात संपणार नाही हे निर्यात करणाऱ्या देशाने दाखवायला हवं.

१९९२ च्या त्या नोंदीत या प्राण्याचं नाव होतं 'स्ट्रॉम्बस गिगास'. २०२४ च्या अमेरिकी निर्णयात नाव आहे 'ॲलिगर गिगास'. प्राणी एकच.

हा आपल्या देवघरातला शंख आहे का?

नाही. आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

गंमत म्हणजे 'काँक' हा शब्द आणि आपला 'शंख' हा शब्द एकाच मुळातून आलेले मानले जातात. ग्रीक 'कोंखे' आणि संस्कृत 'शङ्ख' हे चुलतभाऊ. पण शब्द भाऊ-भाऊ असले तरी प्राणी भाऊ नाहीत.

आपल्याकडे पूजेत असतो तो शंख 'टर्बिनेला पायरम' या जातीचा. तो मुख्यतः भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यालगत सापडतो. मन्नारच्या आखातातून तो शतकानुशतकं काढला जातोय, बंगालमधल्या सवाष्ण बायकांच्या शाखा म्हणजे शंखाच्या बांगड्या त्याच्याच. गुजरातमधल्या नागेश्वर या हडप्पाकालीन वस्तीत याच शंखाच्या वस्तू बनवण्याचा मोठा उद्योग होता.

हा प्राणी मांसाहारी आहे, समुद्रतळावरचे किडे खातो. कॅरिबियनचा राणी शंख पक्का शाकाहारी आहे, शेवाळ आणि समुद्री गवतावरची बारीक वनस्पती खरवडून खातो. आपल्या शंखाची पिल्लं अंड्यांच्या कोशातून थेट सरपटत बाहेर येतात. राणी शंखाची पिल्लं मात्र अंड्यातून बाहेर पडल्यावर काही आठवडे पाण्यावर तरंगत वाहत जातात आणि मग तळाशी बसतात. दोघांची कुळंच वेगळी. आपला शंख 'टर्बिनेलिडी' कुलातला, राणी शंख 'स्ट्रॉम्बिडी' कुलातला. शास्त्रज्ञ 'खरे काँक' म्हणतात ते या दुसऱ्या कुलाला.

म्हणजे 'शंख' हे एका घराण्याचं नाव नाही. मोठं, जाड, वळणदार कवच दिसलं की माणसाने त्याला शंख म्हटलं, इतकंच.

मग 'खरा काँक' ओळखायचा कसा?

या कुलाच्या खुणा अगदी मजेशीर आहेत.

पहिली खूण म्हणजे शंखाच्या पसरट ओठावर, पुढच्या बाजूला असलेली एक खाच. ही खाच कशासाठी? तर उजवा डोळा बाहेर काढून बघण्यासाठी! या गोगलगायींचे डोळे लांब दांड्यांवर असतात, बुबुळाभोवती रंगीत कडी असतात आणि त्यांची नजर गोगलगायीच्या मानाने बरीच चांगली असते. डोळा तुटला तर तो पुन्हा उगवतोसुद्धा.

दुसरी खूण म्हणजे चाल. बाकी गोगलगायी पोटावर घसरत जातात. या उड्या मारतात. त्यांच्या पायाला नखासारखं एक वाकडं, टोकदार झाकण असतं. ते वाळूत रुतवायचं आणि जोर लावून अख्खं शरीर पुढे फेकायचं, अशी ही चाल.

तिसरी खूण म्हणजे ओठ. लहान असताना शंख नुसता वळत वळत वाढतो. प्रौढ व्हायची वेळ आली की वळणं थांबतात आणि ओठ बाहेरच्या बाजूला पंखासारखा पसरतो. त्यानंतर शंख लांब होत नाही, ओठ फक्त जाड होत जातो. त्यामुळे ओठाच्या जाडीवरून प्राण्याचं वय साधारण सांगता येतं. ही तिसरी खूण लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अवलंबून आहे.

एका शंखाला चार नावं कशी?

१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनिअसने आपल्या ग्रंथात या प्राण्याला 'स्ट्रॉम्बस गिगास' असं नाव दिलं. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा. 'गिगास' म्हणजे राक्षसी आकाराचा.

पुढची दोनशेहून जास्त वर्षं खाच असलेले बहुतेक शंख 'स्ट्रॉम्बस' याच आडनावाखाली कोंबले गेले. हिंदी महासागरातले, पॅसिफिकमधले, अटलांटिकमधले, सगळे एकाच घरात. ओठाला लांब बोटांसारखी शिंगं असलेले तेवढे 'लँबिस' म्हणून वेगळे काढले होते.

मग डीएनए आला. २००६ साली या कुलातल्या ३० हून अधिक जातींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि घराण्याचा नकाशाच बदलला. 'लँबिस' वेगळं घर नव्हतंच, ते 'स्ट्रॉम्बस'च्या फांद्यांमधूनच फुटलेलं निघालं. म्हणजे हिंदी-पॅसिफिक महासागरातले काही 'स्ट्रॉम्बस' अमेरिकेच्या 'स्ट्रॉम्बस'पेक्षा 'लँबिस'च्या जास्त जवळचे होते. आडनाव एक, पण रक्ताचं नातं दुसऱ्याशी, असा प्रकार.

अशा वेळी शास्त्रज्ञांपुढे दोनच मार्ग असतात. सगळ्यांना एका मोठ्या आडनावात घ्यायचं, किंवा मोठं घर फोडून छोटी छोटी घरं करायची. दुसरा मार्ग निवडला गेला. 'स्ट्रॉम्बस' हे नाव आता अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या मोजक्या जिवंत जातींपुरतं उरलंय. राणी शंख काही काळ 'यूस्ट्रॉम्बस' झाला, मग 'लोबेटस' झाला आणि २०२० च्या फेरमांडणीनंतर 'ॲलिगर' म्हणून ओळखला जाऊ लागला.

याच कुलाच्या भाऊबंदांत आणखी एक आश्चर्य आहे. 'झेनोफोरा' नावाची गोगलगाय समुद्रतळावरचे इतरांचे शिंपले आणि खडे आपल्या पाठीवर चिकटवत फिरते. दिसायला ती काँकसारखी अजिबात नाही. पण जनुकीय अभ्यासानंतर तिलाही आता काँकच्याच मोठ्या घराण्यात धरतात.

दगडात लिहिलेला इतिहास

डीएनए जिवंत प्राण्यांचं नातं सांगतो. मेलेल्यांचं काय? तिथे जीवाश्म कामाला येतात, आणि शंख त्यासाठी उत्तम, कारण जाड कवच दगडात टिकतं.

काँकच्या घराण्यात दोन मोठी कुळं आहेत. एक थोरलं, 'अपोऱ्हायडी'. यातल्या युरोपातल्या एका जातीला तिच्या पसरट, बोटांच्या ओठामुळे 'पेलिकनचा पाय' म्हणतात. दुसरं धाकटं, म्हणजे आपण बोलतोय ते 'स्ट्रॉम्बिडी'.

थोरलं कुळ ज्युरासिक काळातलं. त्यानंतरच्या क्रिटेशियस काळात त्याने जगभरच्या समुद्रांवर राज्य केलं. भारतातही त्याच्या खुणा आहेत. तामिळनाडूतल्या अरियालूर-तिरुचिरापल्ली भागात क्रिटेशियस समुद्राचे थर आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८६० च्या दशकात तिथल्या गोगलगायींच्या जीवाश्मांवर मोठा ग्रंथच लिहिला. ओठ पसरलेले, शिंगं फुटलेले शंख त्यात आहेत.

६.६ कोटी वर्षांपूर्वी मोठा विनाश झाला. आजच्या मेक्सिकोजवळ अशनी आदळला. साधारण त्याच सुमारास आजच्या महाराष्ट्रात ज्वालामुखींचा लाव्हा थरांवर थर पसरत होता, सह्याद्रीचा काळा कातळ तोच. डायनासोर गेले. समुद्रातल्या थोरल्या शंखकुळालाही जबर फटका बसला.

आणि धाकटं कुळ पुढे आलं.

हे नेमकं कसं घडलं याचा अभ्यास कौस्तुव रॉय या जीवाश्मशास्त्रज्ञाने १९९६ साली मांडला. सोपी कल्पना अशी की नवीन कुळ जास्त ताकदवान होतं, म्हणून त्याने जुन्याला हाकललं. पण आकडे तसं सांगत नव्हते. जागांची बरीचशी अदलाबदल त्या महाविनाशामुळे झाली. त्यानंतरही ती चालू राहिली, पण जुनं कुळ वेगाने मरत होतं म्हणून नाही, तर नव्या कुळात नव्या जाती जास्त वेगाने तयार होत होत्या म्हणून. हळूहळू थोरलं कुळ थंड पाण्यात सरकलं आणि उबदार समुद्र धाकट्याचा झाला. आज थोरल्याच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जाती जिवंत आहेत.

यातून एक गोष्ट निघते. हे कुळ टिकलं ते फक्त कवच जाड होतं म्हणून नाही. नवीन जाती तयार व्हायला त्याला वेळ मिळाला. लाखो वर्षांचा वेळ.

जमीन वर आली, समुद्र तापला, शंख हलले

पुढचे दोन टप्पेही बघण्यासारखे आहेत.

साधारण ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी जमीन पूर्ण वर आली आणि अटलांटिक व पॅसिफिक महासागर तिथे कायमचे वेगळे झाले. एकाच पूर्वजाची लेकरं दोन्हीकडे अडकली. आज पनामाच्या कॅरिबियन बाजूला 'स्ट्रॉम्बस पुगिलिस' आहे आणि पॅसिफिक बाजूला त्याचा जुळ्यासारखा दिसणारा 'स्ट्रॉम्बस ग्रॅसिलिऑर'.

दुसरा टप्पा साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा दोन हिमयुगांच्या मधला उबदार काळ होता. आज फक्त पश्चिम आफ्रिकेच्या गरम पाण्यात राहणारा एक काँक त्या वेळी भूमध्य समुद्रात शिरला होता. इटली, स्पेन, ट्युनिशियाच्या जुन्या, उंचावलेल्या किनाऱ्यांवर त्याचे शंख सापडतात. ते दिसले की भूवैज्ञानिक ओळखतात, हा थर त्या उबदार काळातला. पुढे थंडी आली आणि शंख पुन्हा दक्षिणेला गेला.

म्हणजे हवामान बदललं की हे प्राणी जागा बदलतात. जागा बदलायला वाट आणि वेळ मिळाला, तर तगतात.

मग माणूस आला

पनामाच्या बोकास देल तोरो भागात शास्त्रज्ञांनी 'स्ट्रॉम्बस पुगिलिस'चे तीन प्रकारचे शंख गोळा केले. सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे, म्हणजे तिथे माणूस यायच्या आधीचे जीवाश्म. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांतल्या उकिरड्यांमधले, म्हणजे खाऊन टाकलेले शंख. आणि आजचे.

इथे ती ओठाची खूण कामाला आली. ओठ जाड झाला की प्राणी प्रौढ, त्यामुळे प्रौढ होताना तो किती मोठा होता हे मेलेल्या शंखावरूनही मोजता येतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: प्रौढ होतानाचा आकार आधी माणूस आल्यावर कमी झाला आणि पुढे आजपर्यंत आणखी कमी झाला. सुरुवातीच्या रहिवाशांना एका शंखातून आजच्यापेक्षा दोन तृतीयांश जास्त मांस मिळत असावं.

कारण साधं आहे. माणूस मोठे शंख उचलतो. लहान असतानाच प्रौढ होणारे वाचतात आणि त्यांचीच पिल्लं पुढे येतात. तेव्हा ना ट्रॉलर होते, ना ऑक्सिजनची टाकी. उथळ पाण्यात हाताने शंख वेचूनही एका जातीचं शरीर बदललं.

राणी शंखाचं गणित कुठे बिघडतं?

राणी शंखाची मादी एका वेळी लाखो अंडी घालते. एवढी अंडी असताना काळजी कसली, असं कुणालाही वाटेल.

पण या प्राण्यांत नर-मादीला प्रत्यक्ष भेटावं लागतं. आणि भेटणार कसे? कितीही उड्या मारल्या तरी शेवटी गोगलगायच. बहामामध्ये केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की एका हेक्टरमध्ये, म्हणजे अडीच एकरात, ५६ पेक्षा कमी प्रौढ शंख असतील तर मिलन दिसतच नाही. ४८ च्या खाली अंडीही दिसली नाहीत. म्हणून व्यवस्थापनात हेक्टरी १०० प्रौढ शंख हा सुरक्षित आकडा धरला जातो.

म्हणजे शेवटचा शंख पकडेपर्यंत वाट बघावीच लागत नाही. हेक्टरी ४० शंख शिल्लक असले तरी तिथली पुढची पिढी बंद. समुद्रात शंख दिसतात, जाळ्यात येतात, पण ती नुसती म्हातारी मंडळी असतात. हा प्राणी २५-३० वर्षं जगू शकतो, त्यामुळे बिघाड उशिरा लक्षात येतो.

आणि एकदा बिघडलं की सुधारायला वेळ लागतो. फ्लोरिडाने १९८० च्या दशकाच्या मध्यात शंख काढण्यावर पूर्ण बंदी घातली. चाळीसेक वर्षं होत आली, तरी संख्या पूर्वीसारखी झालेली नाही. जमैकाने २०१९ मध्ये आपली शंखांची मासेमारी काही काळ थांबवली. पण पिल्लं वाहत जातात, त्यामुळे एका देशातली पिल्लं दुसऱ्या देशाच्या समुद्रात वाढतात. एकट्याने बंदी घालून भागत नाही.

मच्छीमारांची बाजूही खरी आहे. लहान बेटांवर दुसरा रोजगार सहज मिळत नाही. मोठा ग्राहक अमेरिका, नियम ठरवणारीही अमेरिका आणि बोट बंद ठेवायची ती आपण, असा तिथला राग आहे.

नावाचा आणि कायद्याचा संबंध काय?

कायदा प्राण्याला नावाने ओळखतो. परवान्यावर एक नाव, यादीत दुसरं, तर प्रश्न उभे राहतात. म्हणून जुनं आणि नवं नाव एकाच प्राण्याचं आहे, हे सरकारी कागदांना वेळोवेळी स्पष्ट करावं लागतं.

भारतालाही हे लागू आहे. २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्यांमध्ये शंख-शिंपल्यांच्या २४ प्रकारांची भर पडली. त्यात शिंगं असलेल्या 'लँबिस'चे अनेक प्रकार आहेत. 'स्ट्रॉम्बस' नावाने नोंदलेला एक काँकही आहे, आणि शास्त्रीय मांडणीत त्याचंही आडनाव आता बदललंय. देवघरातला 'टर्बिनेला' मात्र त्या यादीत नव्हता. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानात हे सगळे एकाच टोपलीत 'शंख' म्हणून ठेवलेले असतात. घेणाऱ्याला फरक कळत नाही, कायद्याला कळतो.

खिशाचाही संबंध आहे. 'दक्षिणावर्ती' म्हणून हजारो रुपयांना विकला जाणारा शंख खरा असेल, तर तो आपल्याच 'टर्बिनेला'चा उलट्या वळणाचा, अतिशय दुर्मीळ नमुना असतो. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'लाइटनिंग व्हेल्क' नावाची एक गोगलगाय आहे. तिचे जवळपास सगळेच शंख उलट्या वळणाचे असतात, आणि तेच अनेकदा दक्षिणावर्ती म्हणून गळ्यात मारले जातात. ओळखायची युक्ती सोपी आहे. 'टर्बिनेला'च्या आत, मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात. त्या अमेरिकी शंखात त्या नसतात.

तर कॅरिबियनमध्ये पुढे काय होणार, हे आता परवाने, बंद हंगाम आणि ओठाच्या जाडीच्या नियमांवर ठरेल. ओठ नुसता पसरलाय म्हणून शंख उचलायचा नाही, तो पुरेसा जाड झाल्यावरच उचलायचा, असं बरेच तज्ज्ञ सांगतात. कारण पातळ ओठाचा शंख दिसायला मोठा असला, तरी त्याने बहुतेक वेळा एकदाही पिल्लं दिलेली नसतात.

या घराण्याने अशनी, हिमयुगं आणि समुद्राचे दोन तुकडे होणं, सगळं सोसलं. प्रत्येक वेळी त्याच्या हाताशी हजारो, लाखो वर्षं होती. या वेळी एका हेक्टरात शंभर जण शिल्लक राहतील का, एवढाच प्रश्न आहे.